दगडाशेजारची जागा

शाओशिंग,
२ मार्च १९८७

चि. वेइसोंगभाऊजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी पेज चुलीवर ठेवून अंगणात मोहरीचा पाला खारवायला घेतला होता, तेवढ्यात तुमच्या दादांनी कागद धरायला हाक मारली. माझे हात मिठाचे. तर म्हणाले, मीठ सांडलं तर दगडावर बर्फ पडल्यासारखं दिसेल, ये तशीच. जन्मभर शाईनं विजेचे खांब आणि गिरण्यांची धुराडी काढणारा माणूस त्या दिवशी लहानपणचा दगड काढत होता. डाव्या कोपऱ्यात दगड, खाली त्यांचा लाल शिक्का, बाकी कागद कोरा. लहानपणी एकाच कागदावर त्यांचा दगड नि तुमचा वेळू असायचा ना, म्हणून तो तुम्हाला धाडला. तुम्ही चिठ्ठीविना परत केलात. पुढे ते गेले, तेव्हाही तुमची तारच आली.

आता कलादालनवाले प्रदर्शनासाठी तो मागताहेत. कोऱ्या जागेपुढे उभे राहून म्हणाले, केवढी ही शांतता. मी सांगितलं, शांतता नव्हे, दोन भावांचा अबोला आहे तो. चिंगमिंगच्या सणाला कबरी झाडून झाल्या की ते न्यायला येतील. एकदा भिंतीवर चढला की ती जागा कायमची रिकामी. त्याआधी या, आणि तुमचा वेळू काढा. खारवलेली भाजी ठेवली आहे.

वाट पाहणारी,
वहिनी

छंगतू,
१५ मार्च

ती. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवण तिखट होतं की अळणी, तेही कळलं नाही. छंगतूसारख्या झणझणीत तिखटाच्या गावी राहून याहून वाईट काय सांगू?

चित्र पुरं झाल्याखेरीज दादा शिक्का उठवत नसे. मी तो लाल ठसा पाहिला आणि समजलो, दगड पुरेसा आहे, तुझ्या वेळूची गरज नाही, असंच तो सांगतोय. म्हणून परत पाठवला. आता गुडघे गाडीत बसू देत नाहीत. हात असा कापतो, की चहा ओठांशी पोचेतो निम्मा सदऱ्यावर. दादाचा कागद नासवायचं पाप नको. देऊन टाका त्यांना.

रागवा, पण माया तोडू नका.

तुमचा,
वेइसोंग

शाओशिंग,
८ एप्रिल

चि. भाऊजींस आशीर्वाद.

शिक्का आधी उठवला, कारण डॉक्टरांनी त्यांना नुकतंच सगळं सांगितलं होतं. कागद तुमच्याकडून परत येईल तेव्हा आपण असू की नसू, याची त्यांना खात्री नव्हती. दुखणं तुम्हाला कळवायचं नाही, अशी मला शपथ होती. कीव म्हणून काढलेला वेळू त्यांना नको होता. म्हणत, तो समजेल. तुम्ही दोघे भाऊ समजून घेण्यात हुशार, विचारण्यात ढ!

हात कापतो म्हणता. तुमचा वेळू कवायतीतल्या शिपायासारखा ताठ, असं दादाच तुम्हाला चिडवत. आता त्याला जरा वारा लागेल, एवढंच.

कबर मी एकटीनं झाडली. घरी येऊन पेज लावली, ती दोघांची. हात अजून विसरतात.

परवा कलादालनवाले आले. बाकीची सगळी चित्रं दिली, हा कागद दिला नाही. फार विनवण्या केल्या, शेवटी रुसून गेले.

बाकी समक्ष बोलू. माझ्या ताटात तिखट बेतानं वाढा.

कालच मी कागद गुंडाळला आणि छंगतूचं तिकीट काढलं.

तुमची वहिनी,
रुइयुन