बक्काशा आणि डोंगरीची वांगी

पप्पा, उद्या आपल्या घरी मालिदा आहे आणि दहावा माणूस मिळालाय. तो कोण, हे आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून गॅलरीत जाल आणि उगाचच खालच्या रिक्षा बघत उभे राहाल, म्हणून क्रमाने सांगते. पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे. मुलगा ठाण्याचा, आपल्यातलाच, बेने इस्राएल. आईचं मत असं की मुलगा शांत आहे, तुझ्या प्रश्नांना पुरून उरेल. मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं होतं की गॅस बंद केलाय की नाही हे बघायला तू कितीदा मागे फिरतोस. तो म्हणाला, "एकदाही नाही, पण तुझ्यासोबत फिरेन." त्यावर मी हो म्हटलं. तुम्ही असतात तर अजून चौकशी केली असती, हे मला माहीत आहे.

लग्नाआधी मुलीच्या घरी मालिदा व्हायलाच हवा, हे आईचं म्हणणं. शेजारच्या काकू, ज्या तुमच्या वेळीही समोरच राहायच्या, त्या सकाळी नारळ घेऊन आल्या आणि विचारलं, "तुमचा तो ज्यू लोकांचा सत्यनारायण उद्याच ना?" आई म्हणाली, "मालिदा म्हणतात हो त्याला." काकू म्हणाल्या, "तेच ते. गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं, आणि गाणी कळत नाहीत पण छान वाटतात." आणि मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की त्या तबकासमोर उभं राहून तुम्ही मागता काय. मला तो प्रश्न लहानपणापासून छळतो. तुम्हाला आठवत असेल, सगळ्यांनी पोहे हातात घेऊन मनातल्या मनात आपापलं मागणं मागितलेलं असायचं, आणि माझंच संपायचं नाही. मी आधी सगळ्या घरासाठी मागायचे, मग इमारतीसाठी, मग वाटायचं शांती नगरचे बाकीचे सेक्टर राहिले तर पाप लागेल. मागून मामा कुजबुजायचे, "अगं, तू बहुतेक भाईंदरपर्यंत पोचलीस. आता खाऊ दे."

मागण्याला हिब्रूत काय म्हणतात, ते तुम्हीच मला शिकवलंत. मला शाळेत घालायच्या आधी तुमची शाळा होती, ती रविवारी सकाळी स्वयंपाकघरात भरायची. परातीत तांदळाचं पीठ पसरायचं, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की परात हलवायची आणि पुन्हा काढायचं. आई ओरडायची की मला भाकऱ्या करायच्यात, तुम्ही म्हणायचात, "दोनच अक्षरं राहिलीत." पुरीमच्या सणाआधी तुम्ही मला त्या राणीची गोष्ट सांगितलीत जिच्या माणसांना मारायचा हुकूम निघालाय. तिला राजाकडे त्यांचे प्राण मागायचे आहेत. पण न बोलावता राजासमोर गेलं तर मान जाते, असा तिथला कायदा. तरीही ती जाते. महालाच्या चौकात उभी राहते. राजाची नजर पडते, तो तिला जवळ बोलावतो आणि विचारतो, तुझी विनंती काय, तुझं मागणं काय. तुम्ही परात हलवता आणि दोन शब्द काढता, एक शेएला आणि दुसरा बक्काशा. मी विचारते, दोनदा का विचारलं, राजाला कमी ऐकू येत होतं का? तुम्ही इतके हसता की पीठ उडतं. मग म्हणता, "शेएला म्हणजे तोंडाने मागणं. बक्काशा ज्या शब्दातून येतो त्याचा अर्थ शोधणं, शोधत जाणं. म्हणजे पायांनी मागणं. राणी बोलली नंतर, आधी चालत गेली ना?"

पप्पा, मी मोठी झाल्यावर शब्दकोश बघितला. शोधणं बरोबर आहे. पायांबद्दल तिथे काहीच नाही, पाय तुम्ही घातलेत. तिकडे इस्राएलला राहणारे आपले नातेवाईक तर चहाचा कप पुढे करतानासुद्धा त्याच शब्दाने 'घ्या ना' म्हणतात, जागचे हलतही नाहीत. मला दोन दिवस वाईट वाटलं, मग बरं वाटलं. राणी चालत गेली होती, हे तर शास्त्रात लिहिलेलंच आहे.

पण त्या पायांवर तुम्ही अख्खं घर चालवलंत. आपल्या घरात लांबून हाक मारून मागायचं नाही. मी आतल्या खोलीतून ओरडते, "पप्पा, पेन्सिल!" तुम्ही पेपर वाचताय. मी पुन्हा ओरडते. तुम्ही पेपरलाच सांगता, "कुणीतरी लांब बोंबलतंय बहुतेक." मी पाय आपटत येते, तेव्हा तुम्ही पेपर बाजूला ठेवता, चष्मा काढता, जणू मी पाहुणी आहे, आणि म्हणता, "बोल. काय हवंय?" एकदा मी चिडून म्हटलं की देवाकडेही आपण लांबूनच मागतो ना. तुमचा चेहरा बदलला. "लांबून?" तुम्ही म्हणालात. "तबकापर्यंत उठून येतेस ना? मागणाऱ्याने यायचं असतं. बसल्या जागेवरून मागतो तो हुकूम." तेवढंच, पण मी रडले होते. दुसऱ्या रविवारी मी एक पान न चुकता वाचलं, तेव्हा तुम्ही मला निळे कॅनव्हासचे बूट आणलेत. आई म्हणाली, वाचायला डोळे लागतात, तुम्ही बूट काय आणता? तुम्ही म्हणालात, तिला कळलंय.

काशीमीऱ्याला तुमच्या दुकानात डबा घेऊन आले होते तो दिवसही आठवतो. बाहेर ट्रकांची रांग, आत काउंटरवर तुम्ही, मागे ब्रेकच्या पट्ट्या आणि क्लचच्या प्लेटी छतापर्यंत. उपासाच्या दिवशी सुट्टी हवी होती. शेठ वर पोटमाळ्यावर बसायचे आणि काउंटरवर त्यांच्याशी बोलायला फोन होता. तुम्ही हात पुसलेत, लोखंडी जिना चढून गेलात आणि उभे राहिलात. शेठ म्हणाले, "अरे, नीचे से फोन कर देते, इतना चढके आने का क्या?" तुम्ही म्हणालात, "छुट्टी फोन पे नहीं माँगते, शेठ." शेठनी सुट्टी दिली आणि वर खुर्चीही दिली, कारण तुम्हाला धाप लागली होती. मालिद्यासाठीही तसंच. आपल्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि मीरा-भाईंदरमध्ये आपली घरं ती किती. तुम्ही प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचात, फोन आले तरी, मोबाइल आले तरी. फक्त एका दारात जायचा नाहीत.

आता तिथे येते. काकांचं, तुमच्या सख्ख्या भावाचं, आणि तुमचं भांडण झालं तेव्हा मी समोर होते, तबकाशेजारी. काका एलियाहू हन्नाबीचं, एलिया प्रेषिताचं, गाणं आजोबांच्या चालीत म्हणत होते, एकेक शब्द ओढत, डोळे मिटून. लोकांना भूक लागली होती. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अरे, पोहे वाळतायत, आटप." काकांनी डोळे उघडले, टोपी खिशात घातली आणि मालिदा न खाता निघून गेले. मालिदा न खाता! आई अजून हे वाक्य तशाच आवाजात म्हणते. पुढे निवृत्त झाल्यावर ते भाईंदरपलीकडच्या डोंगरीला खोली घेऊन राहिले. तुम्ही गेलात तेव्हा कब्रस्तानात आले, मागे उभे राहिले, माती टाकली, घरी आले नाहीत. इतकी वर्षं आमच्यात कुणी त्यांचं नाव काढलं की कुणीतरी दुसरा म्हणतो, चहा ठेवू का.

तर परवा नऊ जण पक्के होते आणि दहावे, भाईंदरचे ते उंच आजोबा, बाथरूममध्ये घसरले. पाय प्लास्टरमध्ये. आई म्हणाली, "आता दहावा कुठून आणू? काशीमीऱ्याच्या नाक्यावर मिळतात का?" ठाण्याहून मागवता आला असता, पण मुलाकडचे लोक आपल्या घरच्या मालिद्याला माणूस पुरवणार, हे आईला चाललं नसतं. आणि खरं तर मलाही नको होतं. मला काका हवे होते. तुमची चाल मला येते, आजोबांची चाल फक्त त्यांच्याकडे आहे.

मी मेसेज लिहिला. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. 'काका' लिहिलं, 'आदरणीय काका' केलं, मग वाटलं टोमणा वाटेल, पुन्हा 'काका' केलं. उद्गारचिन्ह घातलं, काढलं. शेवटी काल रात्री पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. आज सकाळीही नाही. होणारा नवरा फोनवर म्हणाला, "अगं, जाऊन ये ना." मी म्हटलं, न बोलावता कसं जाऊ? आणि म्हणता म्हणता मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते.

भाईंदर पश्चिमेहून बस घेतली. मिठागरं मागे पडली. डोंगरीला स्टॉपवर उतरले, उसाच्या रसाच्या गाडीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो गाणारा बाबा? घराच हाय, कुठं जात न्हाय." आणि समोर बोट दाखवलं. शेताच्या तुकड्यापलीकडे निळ्या दाराची खोली. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. काका लसूण सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, "मेसेज मिळाला."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"मेसेजला काय उत्तर द्यायचं? तो काय माझ्या दारात आला होता?" मग वर बघितलं. "तू आलीस. आता बोल. काय हवंय?"

पप्पा, तेच शब्द, तसाच थांबून. तुम्ही दोघं एकाच परातीत शिकलात, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. मी सगळं पाठ केलेलं विसरले आणि म्हटलं, "काका, उद्या या. तुमच्या चालीत म्हणा. पोहे वाळले तर वाळले."

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाले, "तुझा बाप आला होता एकदा. तिथे, स्टॉपवर. रस प्यायला, दोन ग्लास. इकडे बघत होता."

"मग?"

"मग काय मग? मी शर्ट घातला. दार पूर्ण उघडलं. इथे बसून राहिलो. बस आली, तो गेला."

"हाक का नाही मारलीत?"

"हाक?" ते चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. "आमच्या घरात हाक मारून कोण बोलावतं? त्याला मागायचं होतं, त्याने यायचं. आणि मला जर मागायचं असेल तर मी जायचं. मी ठरवतच होतो कुणाला काय मागायचंय, तेवढ्यात बस आली."

मी हसायला लागले. थांबवताच येईना. काका आधी रागावले, मग तेही हसायला लागले, मग डोळे पुसले, आणि लसणाच्या हातांनी पुसल्यामुळे अजूनच पाणी आलं. तेव्हा मला ती वांगी आठवली. तुम्ही एका संध्याकाळी पिशवीभर वांगी घेऊन आला होतात. आईने विचारलं डोंगरीला कशाला गेला होतात, तुम्ही म्हणालात, तिथे वांगी ताजी मिळतात. तुम्ही! वांगं ताटाच्या कडेला सरकवणारे तुम्ही! आईने भरली वांगी केली आणि तुम्ही गुपचूप दोन खाल्लीत. मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दोन? खरंच?" आणि मग, "येतो मी उद्या."

आत्ता दुपार आहे. आई खोबरं खवतेय, काकू खजुराच्या बिया काढतायत आणि विचारतायत की डोंगरीचे भाऊजी तिखट खातात का. मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर हे लिहितेय. हे पत्र कुठे जाणार नाही. तुमच्या नियमाने बघितलं तर पत्र म्हणजेही लांबून मारलेली हाक, आणि तुमच्यापर्यंत चालत येण्याची मला तूर्त घाई नाही, लग्न आहे.

पण एक सांगायचं राहिलं. परतीच्या बसमध्ये मी बसले तेव्हा काका दारातच उभे होते. बस सुटली आणि मला शंका आली, की टोपी आणतील ना? उतरून पुन्हा शेत ओलांडून जायला हवं होतं, मला कळत होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जीव खाऊन ओरडले, "काका, टोपी!" कंडक्टर म्हणाला, "मॅडम, डोकं आत." पलीकडून आवाज आला, लांब, ओढलेला, आजोबांच्या चालीत असावा तसा, "आणतो गंऽऽ! पोहे ओले ठेवा!"

रसाच्या गाडीपासून त्या दारापर्यंत हाक पोचते, पप्पा. मी मारून बघितली.