बॉयर्लेंचा डायव्हिंग सूट

१९ ऑगस्ट २००७, रविवार. झिंडेलफिंगेन, जर्मनी.

आजपासून रोजनिशी. मोठं काही करणाऱ्या माणसाने नोंद ठेवलेली बरी.

सत्तावीस ऑक्टोबरला आम्ही तिघं बोनेरला. कॅरिबियनमधलं बेट, नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं. फ्लेमिंगो, रानगाढवं, इग्वाना, समुद्रात कासवं. तीस तारखेला उर्जा चौदा वर्षांची होते. त्या दिवशी मी आणि ती पाण्याखाली, कासवाच्या समोर. शब्द दिलाय. तिने म्युस्लीच्या बोलमधून मान वर न काढता 'फेअरश्प्रोखन?' विचारलं. म्हणजे, वचन? मी म्हटलं वचन. 'ओके,' म्हणाली आणि खात राहिली. उत्साह पोटात ठेवणारी मुलगी आहे, माझ्यावर गेली आहे.

नंतर वसुधा स्वयंपाकघरात म्हणाली, अहो, जमेल तेवढंच बोलावं. मग राहून गेलेली बोडनझे तळ्याभोवतीची सायकल ट्रिप काढली (गुडघा), आल्गॉयमधलं स्कीइंग काढलं (ऑफिसचा टेअरमीन, म्हणजे मीटिंग), झाडांवरच्या दोरखंडांचा तो प्रकार काढला (पाठ). ती तिन्ही प्रकरणं वेगळी होती.

उर्जाने वसंतात डायव्हिंगचा कोर्स केला. सोबत म्हणून वसुधानेही केला. मला तेव्हा प्रोजेक्टची डेडलाइन होती. पण घरातला खरा पाण्याचा माणूस मी. वाईचा आहे. कृष्णेत वाढलोय.

२२ ऑगस्ट, बुधवार.

डायव्हिंग सूट मिळाला. खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, वॉशिंग मशीनच्या वर चिठ्ठी होती: डायव्हिंग सूट, साइझ ५४, मृत्यूमुळे विकणे आहे. खाली नाव, फ्राउ बॉयर्ले. आमच्या बरोब्बर खालच्या मजल्यावरच्या. त्यांचे यजमान एप्रिलमध्ये गेले.

हेर बॉयर्लेंना मी चांगला ओळखत होतो. म्हणजे भीत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायची पद्धत आहे, केअरवोखं. आमची पाळी संपली की बॉयर्ले जिन्यात उभे राहायचे, हात शरीरापासून जरा लांब धरून, आणि कोपऱ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. मी पुन्हा झाडू घेऊन यायचो.

साइझ तंतोतंत माझा. वसुधाला दुकानातल्या सेलमध्ये मिळाला म्हणून सांगितलं. गेलेल्या माणसाचे कपडे ती घरात येऊ देणार नाही. मी इंजिनिअर आहे. हे निओप्रीन आहे, कपडा नव्हे.

२३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ६.१०

सूट बाथरूममध्ये हँगरला अडकवला होता. दिवा लावला आणि बॉयर्ले उभे. हात शरीरापासून जरा लांब.

दात न घासता ऑफिसला गेलो. उशीर होत होता.

१ सप्टेंबर, शनिवार.

काल सूट भिंतीकडे तोंड करून लावला होता. आज दाराकडे तोंड. कुणी हलवला विचारावं, तर कुठून आणला हा विषय निघणार. विचारलं नाही.

सकाळी साडेसहाला जिन्यात झाडूचा आवाज. हळू, एकेक पायरी. आठवड्याची पाळी आमची आहे आणि मी अंथरुणात आहे, मग झाडतंय कोण? दार उघडून बघणार होतो. पण जर्मनीत दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत.

४ सप्टेंबर, मंगळवार.

कोर्स सुरू. हालेनबाड, म्हणजे छताखालचा तलाव, संध्याकाळी सात. ट्रेनर उवे. दाढीवाला, पाय बदकासारखे, स्वभावाने बरा. आधी दोनशे मीटर पोहून दाखवा म्हणाला. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी सिस्टिम ऑब्झर्व्ह करतो. आमच्याकडे टेस्टिंगला हाच नियम आहे. माझं काम गाड्यांच्या दारांचे रबर सील तपासणं. दारावर तासभर पाणी मारायचं आणि आत थेंब येतो का बघायचं. पाणी आत येऊ न देण्यात माझी अठरा वर्षं गेली. पाण्याबद्दल मला उवेने शिकवू नये.

बाकावर बसून एक तास ऑब्झर्व्ह केलं. खूप शिकलो.

घरी उर्जाने विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, बेसिक्स पक्के झाले. 'गेनाऊ,' ती म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर.

१० सप्टेंबर, सोमवार.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कान उत्तम, निर्धास्त डायव्हिंग करा, म्हणाले. सर्टिफिकेटवर लगेच शिक्का मारला. मी दोनदा सांगितलं की डाव्या कानात काहीतरी जाणवतं. त्यांनी दोनदा बघितलं. इथले डॉक्टर वरवर बघतात.

११ सप्टेंबर, मंगळवार.

सर्दीसारखं वाटलं. गेलो नाही. सर्दीत डायव्हिंग धोक्याचं असतं, उवेनेच सांगितलंय.

१८ सप्टेंबर, मंगळवार.

आज सूट घालून पाण्यात उतरलो. नोंद करून ठेवतो: उतरलो.

सूट चढवायला पंचवीस मिनिटं लागली. पाणी छातीपर्यंत. उवे म्हणाला, चेहरा पाण्यात, दहा सेकंद. चेहरा घातला. एक, दोन, आणि मागून कुणीतरी मानेला धरलं. कल्पना नाही. बोट रुतावं तसं, कॉलरच्या आत, बरोबर मणक्यावर. ओरडलो, पण पाण्यात, त्यामुळे पाणी आत गेलं. बाजूच्या लेनमध्ये पोहण्याच्या बिल्ल्याची परीक्षा देणारी पाच-सहा वर्षांची मुलं थांबून बघत होती. त्यातल्या एकीने मला आपली तरंगायची फोमची नळी देऊ केली.

उवेला सांगितलं, हा सूट माझा नाही. त्याने मान हलवली, जणू हे त्याला दिसतच होतं.

आता स्पष्ट झालं. अडचण पाण्याची नाही. अडचण बॉयर्लेंची आहे. तो माणूस ह्याच सूटमध्ये कुठेतरी खोल पाण्यात गेला असणार, आणि अजून पूर्ण गेलेला नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार.

कोर्सला गेलो नाही. सूटमध्ये माणूस आहे हे कळल्यावर मुद्दाम घालणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

बाथरूममध्ये आता डोळे मिटून आंघोळ करतो. तरी जाणवतं. आज साबण घ्यायला हात लांब केला तर बाही हाताला लागली. थंड आणि ओली. मी तो आठवडाभर भिजवलेला नाही. तसाच बाहेर आलो, अंगाला साबण. वसुधाने टॉवेल दिला आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मी म्हटलं, पाणी फार गरम होतं.

३ ऑक्टोबर, बुधवार. सुट्टी.

न्युरेम्बर्गच्या गुरुदत्तला फोन केला. माझा कॉलेजचा मित्र, पूजेअर्चेतला जाणकार. एका मित्राचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगितला. तो म्हणाला, पितृपक्ष चालू आहे, अकरा तारखेला सर्वपित्री, ज्यांचं कुणी करत नाही त्यांचं त्या दिवशी करता येतं. तुझ्या मित्राला म्हणावं तीळपाणी सोड, भात ठेव, सुटेल. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं.

अण्णा गेल्यापासून मी दरवर्षी त्यांचं बाल्कनीत करतोच. एक पान वाढवायचं. सूट मोकळा झाला की उरलेले दोन मंगळवार मला पुरेत.

उर्जा आज आपली बॅग भरायला लागली. चोवीस दिवस आधी. बॅगेत पाण्याखाली चालणारा कॅमेरा आहे. फोटो कोण काढणार विचारलं, तर म्हणाली, 'माल जेहन.' बघू.

११ ऑक्टोबर, गुरुवार. सर्वपित्री.

ऑफिसमध्ये फ्लेक्सी-टाइम टाकून अर्धा दिवस घरी. वसुधा कामावर, उर्जा शाळेत. बाल्कनी दक्षिणेकडेच आहे, एवढं एक बरं. ताम्हन, पळी, काळे तीळ. दर्भ मिळाला नाही, म्हणून श्निटलाउख घेतलं, ती कांद्याच्या वासाची हिरवी काडी. लांबून दर्भच. आधी अण्णांचं केलं. मग बॉयर्लेंचं. नावाला अडलो. दारावरच्या पाटीवर नुसतं एच. हान्स, हाइन्रिश, हेल्मुट? विचारायचं कुणाला? 'काश्यप गोत्र, एच. बॉयर्ले' असं म्हणून पाणी सोडलं. भाताचा गोळा कठड्यावर ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. वीस मिनिटांनी दोन कबुतरं आली. एकाने गोळा ढकलला. तो खाली गेला.

बेल वाजली. दारात फ्राउ बॉयर्ले. खांद्यावर तीळ, हातात भात. त्यांच्या जिरेनियमवर पाणी पडत होतं. हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे बिल्डिंगच्या नियमांप्रमाणे, पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग माझं सोवळं बघितलं आणि थांबल्या.

का कोण जाणे, खरं सांगून टाकलं. आमच्याकडे गेलेल्यांना पाणी देतात, आज तुमच्या यजमानांना दिलं, त्यांचा जीव ह्या सूटमध्ये अडकलाय, पाण्यात गेलेल्या माणसाचं असं होतं. जर्मनमध्ये हे फार विचित्र ऐकू येतं.

त्या खुर्चीवर बसल्या. भात मांडीवर ठेवला. मला वाटलं रडतील.

'हेल्मुट पाण्यात कधी गेलाच नाही,' त्या म्हणाल्या.

सूट एकोणनव्वद साली घेतलेला. माल्टाला जायचं होतं. हेल्मुटनीच ठरवलं होतं, बायकोला पाण्याखालचं जग दाखवायचं म्हणून. त्या वर्षी पाठ. पुढच्या वर्षी ऑफिस. मग गुडघा. मग म्हणे कान. दर मे महिन्यात सूट बाहेर काढून पावडर लावायचे, एकदा बैठकीच्या खोलीत घालूनसुद्धा बघितला, आणि पुन्हा कपाटात. फ्राउ बॉयर्ले दर वर्षी नवा स्विमिंग कॉस्च्यूम घ्यायच्या. सात घेतले, मग थांबल्या. मी विचारलं, तुम्ही एकट्या का नाही गेलात? त्या म्हणाल्या, तो दर वर्षी इतकं खरं वाटेल असं बोलायचा. गेले ते फ्लूने, इस्पितळात, झोपेत.

मग उठल्या. जाताना म्हणाल्या, तुमच्या आठवड्यात कोपरे राहतात, त्यामुळे शनिवारी मीच झाडते. हेल्मुटना बरं वाटावं म्हणून.

त्या गेल्यावर बाथरूममध्ये गेलो. पहिल्यांदाच कॉलरमध्ये हात घातला. आतून मणक्याच्या जागी दुकानाचं लेबल, प्लॅस्टिकच्या दोऱ्याला अडकवलेलं, टोकदार. अठरा वर्षं कुणी काढलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार.

दिवसभर कामात लक्ष नाही. दारावर पाणी मारत होते आणि मी काचेतून आत बघत होतो. आत सगळं कोरडं.

भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला तीळ देता येतात. पाठ, ऑफिस, गुडघा, कान. त्यांची यादी आणि माझी एकच आहे, फक्त क्रम बदललाय. कालपासून तो सूट बॉयर्लेंसारखा दिसत नाही. माझ्यासारखा दिसतो, पंच्याहत्तर वर्षांचा.

उर्जाने किती वर्षं वाट बघायची?

१४ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४

सांगून टाकलं. दोघींना बैठकीत बसवलं, उभा राहिलो, खाकरलो. म्हटलं, मी कृष्णेत पोहलोय ते घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, साखळी धरून. मला पाण्याची भीती वाटते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला श्वास घेता येत नाही. सायकल, स्की, ते दोरखंड, सगळीकडे मला भीतीच वाटत होती. गुडघा चांगला आहे. पाठ चांगली आहे. सूट हेर बॉयर्लेंचा आहे. उर्जा, तुझ्या वाढदिवसाला मी पाण्याखाली येऊ शकणार नाही.

 मला वाटत होतं, आता हिचा चेहरा पडेल.

'इश वाइस,' उर्जा म्हणाली. मला माहीत आहे.

वसुधा उठली आणि प्रवासाचा फोल्डर घेऊन आली. सूटचंही तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, फ्राउ बॉयर्लेंनी जिन्यात सांगितलं होतं. दर आठवड्याला ती तो धुऊन वाळत घालत होती, वास जावा म्हणून. फोल्डरमध्ये बुकिंगचा कागद. तारीख ३ मार्च. डायव्हर दोन, नॉन-डायव्हर एक. नॉन-डायव्हरच्या पुढे माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर.

मार्च. म्हणजे मी वचन दिलं त्याच्याही साडेपाच महिने आधी. मी विचारलं, मग एवढे दिवस मला बोललात का नाही? वसुधाने उर्जाकडे बघितलं. एरवी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलगी, तिने सावकाश, शब्द जुळवत, अख्खं वाक्य मराठीत सांगितलं.

"बाबा, ठरवत असतोस तेव्हा तू खूप खूश असतोस. मला ते आवडतं. बाकीचं मी बोडनझेपासून खरं धरत नाही."

तिला राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं. बोडनझेच्या वेळी ती दहा वर्षांची होती. चार वर्षं मला वाटत होतं की मी हिला झुलवतोय. खूप लाज वाटली. तसं म्हणालोही, मला लाज वाटते गं. ती म्हणाली, पास्ट शोन. चालेल.

मग विषय व्यवहाराकडे वळला. काठावर मी दोघींचे चष्मे आणि किल्ली सांभाळायची. मी विचारलं, एकदा खाली गेलात की किती वेळ? उर्जा म्हणाली, साधारण पाऊण तास. मधे वर येत नाहीत? नाही. वरून दिसतं का काही? बुडबुडे दिसतात, म्हणाली, लाटा नसल्या तर.

पाऊण तास. बायको आणि मुलगी दोघी खाली, आणि मी वर दोन चष्मे घेऊन. आज चौदा तारीख, अजून दोन आठवडे आहेत, आणि मला आत्तापासूनच श्वास घेता येत नाहीये.