दोन उभ्या स्पीकरांच्या जागेबाबत

मी, पोपट जोतीराम फडतरे, वय एकाहत्तर, मूळचा खटाव तालुक्यातला, गेली अडतीस वर्षे कोपरखैरणे, नवी मुंबई येथे राहणारा, महाप्याच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे, कोणी बळजबरी केलेली नाही, आणि दारू मी एक्क्याण्णव सालीच सोडली. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले आणि लगेच चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. तेव्हा मीही एक कागद करून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर. हॉल, एक खोली व स्वयंपाकघर अशी ही सदनिका माझ्या कमाईची आहे. ती माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. वेणूबाई हिच्या संपूर्ण मालकीची होईल. विकायची, भाड्याने द्यायची की कुलूप लावून गावी जायचे, ते तीच ठरवील. तिच्यावर कोणीही पालक नेमू नये व तिच्या वतीने कोणीही सही करू नये.

हे कलम माझा मुलगा चि. अश्विन याला खटकणार. होळीच्या सुट्टीत त्याने मला गॅलरीत नेले, दार ओढून घेतले आणि म्हणाला, "पप्पा, आईचं डोकं चालत नाहीये. विचारतो एक, सांगते भलतंच. घर तिच्या नावावर ठेवलंत तर उद्या कोणीही सही घेऊन जाईल. माझ्या नावावर करा, आईला मी खारघरला नेतो." अश्विन लबाड नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो. पोरगा घाबरला होता. दिवाळीत सूनबाईंनी, म्हणजे तेजश्रीने, वेणूला विचारले होते, "आई, डॉक्टरांकडे कधी जाऊ या?" आणि वेणू म्हणाली होती, "दोन वाट्या पुरेत." कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपली, ते वेगळेच. अश्विनने डोक्याच्या दोन डॉक्टरांची नावे काढून ठेवली होती. खरे सांगायचे तर मीही घाबरलो होतो, फक्त बोललो नाही.

तरीही घर वेणूलाच का, त्याचे कारण स्पीकरांच्या वाटेने येते. वाचणाऱ्याने जरा धीर धरावा.

२. टीव्ही व स्पीकर. पासष्ट इंची टीव्ही अश्विनने माझ्या सत्तरीला दिला. भिंत एवढी भरली की कालनिर्णय स्वयंपाकघरात गेले. चित्र झकास, पण आवाज अगदीच किरटा. म्हणून बोनकोड्याचे गोटीराम केणी, ज्यांचा हळदी-लग्नात साउंड लावायचा धंदा आहे, त्यांनी एका बंगल्यातून निघालेली उभ्या स्पीकरांची जोडी मला आणून दिली. लाकडी, जमिनीवर उभे राहणारे, माझ्या बरगडीएवढे उंच. सूनबाई दारातच थबकल्या. "पप्पा, हा हॉल आहे की मंडप?"

हे दोन्ही स्पीकर वेणूच्या हयातीत तिचे, नंतर गोटीराम यांचे. फरशीवर लाल इन्सुलेशन टेपने जागा आखल्या आहेत. तिथून ते कोणी हलवू नयेत. गणपतीतसुद्धा नाही, मखर समोरच्या भिंतीला करावे.

३. सदर जागा कशा ठरल्या. जिज्ञासा हा माझा जुना रोग आहे. एका पुस्तकात मी वाचले की दोन्ही स्पीकर टीव्हीपासून सारख्या अंतरावर हवेत, भिंतीपासून हातभर पुढे हवेत, नाहीतर ढोलाचा आवाज रिकाम्या पिंपासारखा घुमतो. तोंडे बसणाऱ्याकडे जराशी वळलेली हवीत. आणि दोन स्पीकरांत जेवढे अंतर, तेवढेच प्रत्येकापासून बसणाऱ्यापर्यंत. असे जमले की बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज पडद्याच्या मधोमध, थेट त्यांच्या तोंडातून येतो. तिथे स्पीकर नसतानाही! मला हे पटेना. जिथे काहीच नाही तिथून आवाज येईल कसा? मेजर टेप घेतली, साडेसात फूट मोजले, सोफ्याच्या मध्यावर बसलो, आणि आला की हो. उठून टीव्हीच्या काचेला कान लावला, तर तिथे काही नाही. पुन्हा बसलो, पुन्हा मधूनच. असे मी तीन वेळा केले आणि एकटाच हसत बसलो.

मग वेणूला त्याच जागी बसवले. ती मेथी निवडत होती, ती मांडीवर घेऊनच आली. विचारले, "आवाज कुठून येतोय?"

"डावीकडनं."

मी डावा स्पीकर वीतभर मागे सारला. "आता?" "डावीकडनंच." उजवा पुढे ओढला. डावीकडनंच. तारांची अदलाबदल केली. डावीकडनं. अकरा दिवस हा उद्योग चालला. वेणू म्हणाली, "आवं, तुमास्नी दुसरं काम न्हाई का?" शेवटी उजवा स्पीकर सरकत सरकत न्हाणीघराच्या दाराशी आला आणि आंघोळीला आडवे होऊन जावे लागू लागले. तेव्हा गोटीरामना बोलावले. ते दारातूनच म्हणाले, "काका, ह्यो नवरीसारका रुसून का बसलाय?" त्यांनी स्पीकर पुस्तकातल्या जागी नेले, वेणूच्या जागी बसले, डोळे मिटले. "आवाज मदीच हाय. कोन बोलला डावीकडं?"

एकतीस वर्षे मी प्रेशर गेज तपासण्याच्या खात्यात काम केले. आमच्या खात्यात पहिली शिकवण ही, की काटा चुकीचा दिसला म्हणून गेजला नावे ठेवायची नाहीत. आधी लाइन, म्हणजे गेजपर्यंत येणारी नळी, तपासायची. बहुतेक वेळा मध्येच कुठेतरी कचरा अडकलेला असतो. मी अकरा दिवस स्पीकर हलवत होतो. ज्या वाटेने आवाज आत जातो, ती वाट पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वेताची खुर्ची उलटी ठेवली आणि वेणूला टीव्हीकडे पाठ करून बसवले. आता तिच्या डावीकडे दुसराच स्पीकर होता. विचारले, "आता कुठून?"

"डावीकडनं," वेणू म्हणाली. मग थांबली. तिने आधी या बाजूचा स्पीकर पाहिला, मग त्या बाजूचा, आणि मेथीची जुडी घट्ट धरून बसली. मी तिच्या उजव्या कानाशी बोटे चोळली. तिला कळले नाही. डाव्या कानाशी चोळल्यावर तिने मान झटकली. डाव्या कानालाही नुसता आवाज जातो, पण लांबचे शब्द तुटून येतात. दिवाळीतली तेजश्री स्वयंपाकघरात वेणूच्या उजव्या हाताला उभी होती, हे मला तेव्हा आठवले.

डोके ठीक आहे. माझ्या पत्नीची बुद्धी माझ्याइतकीच, किंबहुना जास्त, जागेवर आहे. कलम १ चे कारण हे.

४. वेणूने हे का लपवले. ती म्हणाली, पाच-सहा वर्षे झाली. सगळे हसले की ती हसायची. तोंडाकडे बघून अंदाजाने उत्तर द्यायची. सोफ्याच्या उजव्या टोकाला बसायची, म्हणजे सगळी माणसे डावीकडे येतात. मी समजत होतो की ती जागा पंख्याखाली आहे म्हणून तिला आवडते.

"मला म्हातारीवानी व्हायचं न्हवतं," ती म्हणाली. म्हातारी म्हणजे तिची आई, जाईबाई. जाईबाईंना ऐकू येईनासे झाल्यावर घरातल्यांनी ओरडून बोलायचा कंटाळा केला. आधी कमी बोलले, मग हाताने खुणा करू लागले, ये, जेव, सरक. पुढे खुणाही थांबल्या, ताट नुसते पुढे सरकवायचे. नऊ वर्षे ती बाई ओसरीवर बसून होती आणि तिच्याशी कोणी एक वाक्य बोलले नाही. माझे मेहुणे अंकुशराव यांच्या घरातली ही गोष्ट. म्हणून अंकुशरावांना माझ्याकडून काही नाही, माझा जुना रेनकोटसुद्धा नाही. पण मी तरी कोण मोठा लागून गेलो? दर उन्हाळ्यात त्या ओसरीवर मी आंबे खाल्ले आणि सासूबाईंना लांबून हात जोडले. जवळ बसून "कशा आहात?" एवढे विचारायला माझे काय जात होते? याची मला लाज वाटते.

वेणूने माझ्याकडून शब्द घेतला की अश्विनला सांगायचे नाही. "वेडी म्हनूद्यात. वेडीशी निदान बोलत्यात." तो शब्द मी दोन महिने पाळला आणि या कागदात मोडत आहे. मी बुधवारी परत आलो नाही तर पोरगा तिला चुकीच्या डॉक्टरकडे नेईल. तिने मला माफ करावे.

५. स्पीकरांच्या सध्याच्या जागा पुस्तकाप्रमाणे चूक आहेत. वेताची खुर्ची उजव्या कोपऱ्यात, एक स्पीकर तिच्या डाव्या हाताला चार फुटांवर, तिच्या कानाकडे तोंड करून, आणि दुसरा टीव्हीजवळ. कोणी जाणकार आला तर हसेल. हसू द्यावे. मी सोफ्यावर बसतो, मला आता मधून काही येत नाही. पण जागा बदलली त्या संध्याकाळी मालिकेतल्या कुठल्याशा सासूला कुणीतरी टोमणा मारला आणि वेणू माझ्याआधी हसली. माझ्या तोंडाकडे न बघता. मी उठून आत गेलो आणि उगाच पाणी प्यायलो.

६. हत्यारे. पाने, पकडी, स्पिरिट लेव्हल व मेजर टेप गोटीराम यांना. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी दिलेला लाकडी पेटीतला मास्टर गेज, ज्याच्याशी बाकीचे गेज ताडून बघतात, तो अश्विनला. मी तो त्यालाच का दिला, ते त्याने कलम ३ वाचून समजून घ्यावे.

७. सोसायटीचे सेक्रेटरी बाजीराव निंबाळकर यांनी त्या अकरा दिवसांत आवाजाबद्दल मला तीन पत्रे पाठवली. तक्रार खरी होती. मी जिन्यात त्यांच्याशी भांडलो ते चुकले, माफी असावी. पार्किंगचा खांब मात्र त्यांच्याच गाडीने वाकलेला आहे.

८. बँकेतल्या ठेवी निम्म्या वेणूला, निम्म्या अश्विनला. <s>अश्विनच्या हिश्श्यास अट अशी की, त्याने दर रविवारी आईच्या डाव्या बाजूस बसून किमान एक तास तिच्याशी बोलावे.</s> (खोडले. पो. जो. फ.) वरील अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणाले होते. मी तरीही लिहिली होती. ती का खोडली, ते कलम १० मध्ये आहे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाई सौ. तेजश्री यांनी करावी. घरात वेळेवर काम करणारी तीच एक आहे.

१०. इथवर लिहून झाले होते. आज सकाळी साक्षीदार येण्याआधी वेणू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "वाचून दावा." मी म्हटले, नंतर. "न्हाई, आत्ता. डावीकडं बसून." मग काय करता? बसलो आणि सगळे वाचले, कलम ४ सुद्धा. जाईबाईंच्या जागी तिने डोळ्याला पदर लावला. शब्द मोडल्याचे वाचले तेव्हा तिने माझ्याकडे असे बघितले की शस्त्रक्रिया इथेच उरकते की काय असे मला वाटले.

मग तिने माझा मोबाइल घेतला, अश्विनला लावला आणि डाव्या कानाला धरला. मला तिचेच बोलणे ऐकू येत होते.

"अश्विन, ऐक. मला उजव्या कानानं काय बी ऐकू येत न्हाई. पाच-सहा वर्सं झाली... न्हाई, डोक्याला काय बी झालं न्हाई... मीच सांगू दिलं न्हाई त्यास्नी. तुम्ही समदी बोलायची बंद व्हाल, म्हनून भ्याले."

मग तिने मोबाइल कानाशी आणखी दाबून धरला. मग म्हणाली, "रडू नगंस. तेवढं येतंय मला ऐकू."

अश्विन परवा रविवारी येतो आहे. आमच्या नेहमीच्या डॉ. सुनीती, ज्या या कागदावर साक्षीदार आहेत, त्यांनी सोमवारी सकाळची वेळ कानाच्या डॉक्टरांकडे घेतली आहे. वेणू जाते म्हणाली आहे.

फोन ठेवून तिने कलम ८ वर बोट ठेवले. "ही अट खोडा. पैशासाठी डावीकडं बसनारा ल्योक नगं मला."

मी म्हटले, "आणि उद्या नाहीच बोलला तर?"

"तर मी बोलीन. कान गेलाय, तोंड न्हाई गेलं."

सबब अट खोडली आहे व खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे केली आहेत. बाकी सर्व मजकूर मला मान्य व कबूल.

स्थळ: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: १२ जून २०२६

लिहून ठेवणार:
(सही) पोपट जोतीराम फडतरे

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांसमोर वरील सही झाली:
१. (सही) गोटीराम केणी, बोनकोडे
२. (सही) डॉ. सुनीती राजेशिर्के, कोपरखैरणे. श्री. फडतरे यांना मी आज तपासले आहे. ते पूर्ण शुद्धीत असून त्यांनी वरील मजकूर समजून सही केली.

साक्षीला दोन सह्या पुरेत, तिसरीची गरज नाही, असे सौ. वेणूबाई यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "नगं साक्ष. मी ऐकलंय समदं."