दोन गोळ्या आणि सर्दीचं औषध

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
फोनवर निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू पुटपुटतोस, म्हणून पत्रच बरं.

तुझे भाऊजी गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता लागतो! डॉक्टरांच्या झोपेच्या गोळीने मध्येच जाग यायची. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा जीव घाबरा होतो, त्यासाठी तिला गोळी आहे, त्यातली ती मला मायेने देते. दोन्ही घेतल्या की मी ओंडक्यासारखी पडते. सध्या सर्दीचं औषधही चालू आहे, त्याची गुंगी वर फुकट.

सकाळी डोकं तेवढं जड असतं. काल आमच्या चष्म्याच्या दुकानात मी एका मास्तरांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. बिचारे दार सोडून भिंतीकडे निघाले. मालकांसकट सगळे हसलो. तू पावाच्या भट्टीपुढे उभा राहून वाळला असशील. जेवत जा.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मास्तरांची गंमत वाचून मला हसू आलं नाही. पाव भट्टीत टाकून तसाच आमच्या डॉक्टरांकडे गेलो. परत येईपर्यंत पावाचा कोळसा. ते म्हणाले, ही तिन्ही औषधं गुंगी आणणारी. एकत्र पोटात गेली की नुसती झोप गाढ होत नाही, श्वासही मंदावतो, आणि मंदावता मंदावता थांबूही शकतो.

दुसऱ्याच्या चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाता येतं गं, दुसऱ्याच्या गोळ्या घेऊन झोपता येत नाही. घरातली सगळी औषधं पिशवीत घाल आणि तुझ्या डॉक्टरांपुढे ओत. त्यांची गोळीही मनाने एकदम बंद करू नकोस, तेही त्यांनाच विचार. रागाव हवं तर, पण ऐक.
तुझा धाकटा

२० जून

स. न. वि. वि.
मी ताईंची वरच्या मजल्यावरची मैत्रीण. तुम्ही दोन दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलात, पण तुमच्या तोंडावर बोलायचा धीर मला झाला नाही.

त्या सकाळी पोस्टमन तुमचं पत्र घेऊन आला. बेल वाजवून थकला आणि माझ्याकडे आला. किल्ली माझ्याकडे असते. ताई पलंगावर होत्या, ओठ निळसर. हलवलं, हाका मारल्या, उत्तर नाही. श्वास इतक्या अंतराने येत होता की दर वेळी वाटे, हाच शेवटचा. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले.

गोळी मी दिली होती. मला ती सोसते, त्यांनाही सोसेल असं वाटलं. तुम्ही रागावलात तर तो तुमचा हक्कच आहे. मी आता खाली जात नाही.
आपली नम्र

२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा.
तू दवाखान्यात विचारलं नाहीस, पण तुझ्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणून सांगते. मला मरायचं नव्हतं रे. फक्त झोपायचं होतं. भाऊजींची बाजू रिकामी दिसायच्या आत झोप यावी, एवढीच घाई असायची.

आता डॉक्टर सांगतात तेवढंच एक औषध घेते, तेही ते हळूहळू उतरवणार आहेत. सर्दीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नाही. झोप तुटक येते. पण काचा जागच्या जागी बसतात.

मैत्रीण तोंड चुकवत होती. काल मीच जिना चढले. तिला म्हटलं, गोळी तू दिलीस, तशी मी मागितलीही, आणि दारही तूच उघडलंस. मग दोघी भरपूर रडलो. आता झोप येईना की तिच्याकडे भाऊजींविषयी बोलते. इतके दिवस मी त्यांचं नावच घेत नव्हते.

आज पहाटेही जागी होते. पलंगाच्या त्या बाजूला बघितलं, बघत राहिले. मग कूस बदलून तिथेच जाऊन निजले.
लोभ तर तुझ्याकडून पुरेसा मिळतो, थोडं रागावतही जा.
तुझी ताई