सरकलेला ‘न’

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आडवी पडले आहे असं समजा, कारण पुढे येईल.) तिकडे शहरात डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे मामीच्या पत्रातून कळलं. हे पत्रही तीच वाचून दाखवणार, तेव्हा मामी, तुलाही नमस्कार. वाचताना मध्येच थांबून ‘मी म्हणत नव्हते?’ एवढं म्हणू नकोस.

मामा, तुम्ही नेहमी सांगायचात की एकेका पुस्तकाने जंगलं वाचवली, विषारी फवारे बंद पाडले, नद्यांना वाली मिळवून दिला. त्यावर मामी म्हणायची, तुमच्या पुस्तकाने निदान डुगडुगणारं टेबल तरी थांबवलं. (दोन प्रती, डाव्या पायाखाली. अजून आहेत.) बारा वर्षं तळ्याकाठी स्टुलावर बसून तुम्ही पक्षी मोजलेत, चौसष्ट पानं लिहिलीत आणि मुद्रितं तपासायला घरचीच भाची म्हणून माझ्याकडे दिलीत. घरचं काम म्हटलं की डोळे अर्धे मिटतातच. तुमचं शेवटचं वाक्य होतं : ‘बाळा, कुठेही खेळ, पण तळे बुजवू नये.’ छापलं गेलं : ‘बाळा, कुठेही खेळ, पण तळे बुजवून ये.’ न एक घर मागे सरकला, बस्स. तीन वर्षं कुणाला पत्ता नाही (तुम्हाला तर तेव्हापासूनच अंधुक दिसत होतं), कारण शेवटच्या पानापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. (मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. गप्प बसले. शरम वाटली, खोटं कशाला सांगू?)

आता नगरपालिकेला गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे. बांधकाम खात्याचे साहेब (खड्डा दिसला की ‘मुरूम टाका’ म्हणतात, म्हणून सगळे त्यांना मुरूमसाहेब म्हणतात) पुस्तक मागच्या पानापासून वाचणाऱ्यांपैकी. त्यांनी नोटिशीत सरळ छापलं की खुद्द तळ्याच्या अभ्यासकांचंच मत तळं बुजवावं असं आहे, पाहा पान चौसष्ट. झालं! हा घरभेदी कोण ते बघायला लोक पुस्तक शोधू लागले. छापखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या एकशे ऐंशी प्रती चार दिवसांत संपल्या. शिव्या द्यायच्या तर आधी वाचायला हवं, म्हणून बिचाऱ्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. मग चष्मेवाला, दातांच्या डॉक्टरीणबाई, बस डेपोतले दोन कंडक्टर, सगळे पुस्तक घेऊन तळ्यावर. पान एकोणीसवरची टिटवी खरंच आहे का? निघाली. पान बावीसवरचा खंड्या? तोही निघाला. मामा, तुमच्या एकाही पक्ष्याने दगा दिला नाही. आता रोज सकाळी साठ-सत्तर माणसं तिथे बसून असतात. मातीचा ट्रक आला की घोषणा वगैरे देत नाहीत, सगळे मिळून मोठ्याने पान चाळीस वाचतात. ड्रायव्हर दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा एक प्रत मागून घेऊन गेला.

सगळे मला विचारतात, एवढा जीव लावून लिहिणारा माणूस शेवटी असं का लिहील? डॉक्टरीणबाईंच्या मते तो उपरोध आहे. मी मान डोलावते. (चोराच्या मनात चांदणं.)

बाकी इथे तुमच्या घरी क्षेम. टेबल स्थिर आहे.

तुमची भाची
(आणि, नाइलाजाने, मुद्रितशोधक)

ता. क. : गुरुवारी अकराला शेवटची सुनावणी आहे. मुरूमसाहेब म्हणतात, छापलं तेच खरं. नाहीतर लेखकाने स्वतः येऊन सांगावं. हस्तलिखित दाखवलं असतं, पण ते वाळवीने खाल्लं. (तिनेही सुरुवात शेवटच्या पानापासून केली.) चूक माझी होती हे मी भर सभेत सांगणार आहे, पण माझ्या तपासणीवर आता कोण विश्वास ठेवणार? तुम्ही आला नाहीत तर शुक्रवारी तळ्यात माती पडेल.

दुसरा ता. क. : मामीने तिच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलंय की महिनाभर ‘यांनी कुठेही जाऊ नये’. मी ते माझ्या पद्धतीने दोनदा तपासलं. मला तरी ‘जाऊन ये’ असंच दिसतंय.