पेनड्राइव्ह काढू नये

३ फेब्रुवारी
लॅपटॉपचं काम हाती घ्यायचं ठरवलं. रमासाठी घेतला तेव्हा त्यात विंडोजऐवजी एक लिनक्स आधीच भरून आलं होतं. ते आता जुनाट झालं. सगळं पुसून दुसरं, नवीन लिनक्स टाकायचं. रमा गेली त्याच्याशी याचा संबंध नाही. निव्वळ तांत्रिक बाब. शिवाय डेस्कटॉपवर तिने कौंडण्यपूरच्या घाटावरचा फोटो लावला आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. किती वेळा सांगितलं, बदलला नाही.
मी पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होतो. पाणी वळवलेल्या माणसाला हे काय जड.

५ फेब्रुवारी
शेजारच्या उस्मानभाईंनी नवीन लिनक्स पेनड्राइव्हवर भरून दिलं. म्हणाले, "कमलाकांतभाऊ, हे लावूनच चालू करजा. अन् मधात काढू नका बरं." लक्षात ठेवलं.
अकोल्याहून लेकीचा, जुईलीचा फोन. स्वयंपाकाच्या कृती आई तिच्यासाठी लॅपटॉपवर बोलून ठेवायची. त्यांची कॉपी आधी घ्या म्हणाली. घेतो म्हटलं.

८ फेब्रुवारी
कॉपी घेतली नाही. नीट उतरली का ते ऐकून तपासावं लागेल. सर्दीने कान बंद आहेत.

११ फेब्रुवारी
डॉक्टरांनी कान पाहिले. म्हणाले, अगदी साफ आहेत. डॉक्टर नवशिके आहेत.

१४ फेब्रुवारी
केलं. पेनड्राइव्ह लावून चालू केल्यावर 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय आले. इंजिनीअर घाई करत नाही. 'ट्राय' घेतलं. दोन-तीन मिनिटांत कोरा डेस्कटॉप समोर. फोटो नाही, काही नाही. लोक उगाच बाऊ करतात.
दुपारी जेवलो नाही. पित्त.

१५ फेब्रुवारी
जुईलीला कळवलं, जुनं सगळं पुसलं. कॉपीचं विचारलं. राहिली म्हटलं. म्हणाली, "बाबा, पाटोडीची एक कृती तरी ठेवाची होती न." म्हटलं, माणसाने पुढे पाहावं. तिने फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी
नवीन सिस्टममध्ये एक दोष आहे. बंद केली की सगळं विसरते. वायफायचा पासवर्ड रोज टाका. काल टाइप केलेला पेन्शनचा अर्ज आज नाही. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं चिन्हही अजून तसंच. काम झाल्यावर सामान उचलायची शिस्त नाही या लोकांना.

२४ फेब्रुवारी
विसरणं हा दोष नसावा, सोय असावी. माणसालाही हवी होती. मला गरज नाही, सर्वसाधारण विधान आहे.
पाटोडीची भाजी केली. बेसनात आधी काय घालायचं ते आठवेना. वड्या रश्श्यात विरघळल्या. पिठलं म्हणून खाल्लं.

२ मार्च
जुईली आली आहे. मोजकं बोलते. लॅपटॉपकडे बघत नाही.
संध्याकाळी उस्मानभाई पेनड्राइव्ह मागायला आले. लॅपटॉप बंदच होता, काढून दिला. "एकदा चालू करून दाखवा तर खरं, बाप्पा," म्हणाले. अभिमानाने चालू केला.
कौंडण्यपूर आलं. माझे डोळे मिटलेले.
उस्मानभाईंनी आधी पेनड्राइव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "भाऊ, 'ट्राय' म्हणजे निस्तं पाहाचं असते. इतके दिवस पेनड्राइव्हवरूनच चालून राहिलं होतं ते. मेहमानावानी. आत तुमी काही टाकलंच नाही, अन् पुसलं बी नाही."
म्हटलं, तसा अंदाज होताच मला.
"काय मानूस आहा जी तुमी, बाबा," जुईली म्हणाली. तोवर तिने कृतींचा फोल्डर उघडलाही होता. पाटोडी लावली.
रमाचा आवाज आला. बेसन किती, ओवा किती, पीठ शिजताना हात थांबवायचा नाही. मग मधेच, "अहो, टीव्हीचा आवाज बारीक करा न जरा."
मी उठलो. टीव्ही बंदच होता.