पंचेचाळीस अंश

७ ऑगस्ट, बुधवार

लेख स्वीकारला — एका अटीवर! सांगलीच्या या लॅबमध्ये चार वर्षं काढल्याचं चीज झालं. बंगळुरूची जागाही याच लेखावर अडली होती.

माझं म्हणणं साधं आहे. दोन आरशांमधला अर्धवाहकाचा पापुद्रा खूप गार करून त्यावर लेसर मारला, की आतले कण एकदम एका चालीत येतात. मग त्यांचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. ती दिशा त्या पापुद्र्याचा स्फटिक ठरवतो.

परीक्षक म्हणतात, नमुना पंचेचाळीस अंश फिरवून दाखवा. प्रकाशाची दिशाही तेवढीच फिरायला हवी. फिरणारच! त्यात काय बघायचंय?

८ ऑगस्ट, गुरुवार

नमुन्याचा नखाएवढा तुकडा चिमट्याने स्वतः बसवला, कोन मोजून. पुढचं — झाकण लावणं, हवा काढणं, गार करायला ठेवणं — नाथाजीमामांवर सोपवलं. बावीस वर्षं लॅब त्यांनीच सांभाळलीय. एकदा झाकण लागलं की आतल्या तुकड्याच्या कडाही दिसत नाहीत, फक्त मधला ठिपका.

उद्या नागपंचमी. मामा संध्याकाळच्या एसटीनं शिराळ्याला गेले. "सोमवारपातुर फोन लावू नगासा ताई, गर्दीत काय ऐकू येत न्हाई." म्हटलं, गरजच पडणार नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दिशा हलली नाही.

दहा वेळा मोजलं. होती तिथेच. म्हणजे ती स्फटिकाची नव्हेच. आमच्या मांडणीतल्याच कशाची तरी — झाकणातल्या काचेची, नाहीतर वाटेतल्या आरशाची. चार वर्षं मी काय मोजत होते? जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

माझे गाइड शरच्चंद्र सर म्हणाले, "घाई नको. मामा सोमवारी येतील, मग उघडून बघू." सरांचा स्वभावच भिजत घोंगड्याचा. एवढं स्वच्छ दिसत असताना थांबायचं कशाला?

साताऱ्याला घरी फोन केला. आप्पांची सगळी नोकरी पलटणीत गेली. ते एवढंच म्हणाले, "चूक झाली तर सायबाला कळायच्या आत आपुन सांगायची."

तेच करायचं ठरलं होतं माझं. दुपारी संपादकांना कळवलं — निष्कर्ष चुकीचा आहे, लेख मागे घेते. बंगळुरूलाही कळवलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण अभिमानही वाटला. असं पत्र लिहायला छाती लागते!

११ ऑगस्ट, रविवार

कपडे धुतले. दुपारी गाढ झोप.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी संपादकांचं उत्तर आलं. लेख मागे घेतल्याची नोंद झाली. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ, आभार. बंगळुरूची जागा दुसऱ्याला दिली.

अकराला मामा आले. डब्यातून पुरणाची दिंडं आणली होती. "झालं न्हवं काम ताई? त्या दिशी लय गडबडीत हुता तुमी. तुकडा पार तिरका बसलेला. झाकण लावायच्या आदी सरळ केला मी."

मुद्दाम तिरका ठेवलाय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.